नान्नजचा माळढोक आणि पक्ष्यांच्या आदिम जननपेशी

कवडसा (धागाकर्ता)

दुर्मीळ होत चाललेला प्राणी वाचवण्याचा विषय निघाला की शुक्राणू गोठवून ठेवावेत, पुढचे पुढे पाहता येईल, असा सल्ला हमखास दिला जातो. सस्तन प्राण्यांच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी योग्य आहे. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र तो अर्ध्या वाटेवरच थांबतो. पक्ष्यांमध्ये नराकडे लिंग ठरवणारी दोन झेड गुणसूत्रे असतात, तर मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. त्यामुळे पक्ष्याच्या शुक्राणूत डब्ल्यू गुणसूत्र कधीच नसते आणि आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियांचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांचा, वारसाही त्यातून मिळत नाही. एखाद्या जातीच्या सगळ्या माद्या संपल्या आणि हाती केवळ गोठवलेले शुक्राणू राहिले, तर ती जात त्यांच्यापासून पुन्हा उभी राहत नाही. मादीचे अंडे गोठवावे म्हटले, तर त्यातला बलक इतका मोठा असतो की ते गोठवून वितळवल्यावर कामाचे राहत नाही. डॉली मेंढीसाठी वापरलेली केंद्रक बदलण्याची पद्धतही याच बलकापाशी अडते.

हा विषय सोलापूरकरांसमोर मांडण्याचे कारण उघड आहे. बार्शी रस्त्यावरच्या नान्नजच्या माळावर माळढोक पाहण्यासाठी एकेकाळी देशभरातून लोक येत असत. १९७९ मध्ये तिथले अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरांपर्यंत आक्रसले. आज तिथे एखादा पक्षी दिसला तरी त्याची बातमी होते. भारतभर मिळून दीडशेच्या आसपास माळढोक उरले असावेत असे मानले जाते आणि त्यांतले बहुतेक जैसलमेरच्या परिसरात आहेत. तिथे २०१९ पासून बंदिस्त प्रजननाचे काम सुरू आहे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून माळढोकाचे पहिले पिल्लू जन्माला आले. ही मोठी गोष्ट आहे, पण वर म्हटल्याप्रमाणे रेतनाला जिवंत मादी लागतेच.

गेल्या वीस वर्षांत विकासजीवशास्त्राने पक्ष्यांसाठी एक तिसरी वाट शोधली आहे. ज्या मूलपेशींपासून पुढे शुक्राणू किंवा अंडी तयार होतात, त्या भ्रूणातल्या आदिम जननपेशी वेगळ्या काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या, गोठवायच्या आणि गरज पडेल तेव्हा दुसऱ्या पक्ष्याच्या भ्रूणात सोडायच्या, अशी ती वाट आहे. या पेशी स्वतःच स्थलांतर करून त्या भ्रूणाच्या जननग्रंथीत जाऊन बसतात.

हे शक्य होते ते पक्ष्याच्या भ्रूणाच्या एका वैशिष्ट्यामुळे. कोंबडी अंडे घालते तेव्हा बलकावरच्या पांढरट ठिपक्यात आधीच चाळीस ते साठ हजार पेशी झालेल्या असतात आणि जननपेशी होणाऱ्या मोजक्या पेशी त्यांत असतातच. उबवण सुरू झाल्यावर त्या आधी भ्रूणाच्या डोक्यापुढच्या चंद्रकोरीच्या आकाराच्या पट्ट्यात जमतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, नुकत्या तयार झालेल्या रक्तवाहिन्यांत शिरून, रक्ताबरोबर वाहत जननग्रंथीच्या जागी पोचतात. सस्तन प्राण्यांच्या जननपेशी आतड्याच्या भित्तिकेतून सरकत जातात. पक्ष्यांच्या रक्तातून जातात, म्हणून त्यांना वाटेत गाठता येते. रक्ताचा एक सूक्ष्म थेंब काढला तर त्यात या पेशी सापडतात, आणि रक्तात टोचल्या तर त्या आपले घर स्वतः शोधतात.

२००६ मध्ये कॅलिफोर्नियातील एका गटाने कोंबडीच्या या पेशी दीर्घकाळ वाढवून दाखवल्या. २०१५ मध्ये एडिंबरोच्या रॉस्लिन इन्स्टिट्यूटमधील माइक मॅकग्रू यांच्या गटाने त्यांच्या वाढीला कोणते संदेश लागतात हे निश्चित केले. त्याआधीच, २०१० मध्ये, दुबईच्या सेंट्रल व्हेटरिनरी रिसर्च लॅबोरेटरीने हौबारा या माळढोकाच्याच कुळातील पक्ष्याच्या जननपेशी कोंबडीच्या भ्रूणात सोडल्या, त्यांतून वाढलेल्या कोंबड्यांचे वीर्य हौबारा माद्यांना दिले आणि शुद्ध हौबारा पिल्ले मिळवली. माळढोकाच्या कुळात ही गोष्ट एकदा घडून गेली आहे, आणि तरीही आपल्याकडच्या चर्चेत तिचा उल्लेख क्वचितच होतो. माळढोकाच्या जननपेशींची साठवण आत्ताच, पक्षी जिवंत असताना, सुरू व्हावी असे माझे मत आहे. सदस्यांनी त्यावर साधकबाधक लिहावे.

उबवणीवाला

सर, माझे मोहोळ तालुक्यात छोटे उबवणी केंद्र आहे, त्यामुळे अंड्याच्या बाजूने काही शंका विचारतो.

आम्ही उबवणीची अंडी सेटरमध्ये (उबवणी यंत्रात) लावण्याआधी काही दिवस सोळा-अठरा अंश तापमानाला ठेवतो. त्या थंडीत भ्रूण मरत नाही, त्याची वाढ थांबून राहते आणि ऊब मिळाली की पुन्हा सुरू होते, हे आम्हाला अनुभवाने ठाऊक आहे. तुम्ही सांगितलेली पेशींची संख्या वाचून ते का जमते हे आज नीट कळले. पण कवचाला साधा तडा गेला तरी ते अंडे आम्ही बाजूला काढतो, कारण त्यातून पिल्लू निघण्याची आशा नसते आणि सडून फुटले तर शेजारच्या अंड्यांनाही संसर्ग होतो. अशा वेळी कवचाला खिडकी पाडून, अडीच दिवसांच्या भ्रूणातून रक्त काढून, पुन्हा ते अंडे उबवायचे हे कसे साधते? आणि ज्या भ्रूणातून पेशी काढल्या, तो जगतो का? माळढोक एका वेळी सहसा एकच अंडे घालतो असे ऐकले आहे. ते एक अंडे प्रयोगात गेले, तर वाचवायला निघालो आणि घरचेच घालवले अशी गत होईल.

कवडसा

आपली शंका नेमक्या जागी आहे.

खिडकीचे तंत्र जुने आहे. कवचाचा छोटा चकतीएवढा भाग निर्जंतुक हत्याराने काढायचा, भिंगाखाली बारीक काचनळीने एक ते तीन मायक्रोलिटर रक्त घ्यायचे किंवा पेशी टोचायच्या, आणि खिडकी पट्टीने किंवा दुसऱ्या कवचाच्या तुकड्याने बंद करायची. सरावलेल्या हातांनी हे केले तरी उबवणीचे प्रमाण उतरतेच. यजमान कोंबडीच्या, म्हणजे जिच्या भ्रूणात पेशी सोडायच्या तिच्या, बाबतीत ते चालते, कारण कोंबडीची अंडी हवी तितकी मिळतात. दाता पक्षी, म्हणजे ज्याच्या पेशी घ्यायच्या तो, दुर्मीळ असेल तर ते परवडत नाही. हौबाराच्या प्रयोगात तर रक्ताऐवजी वाढलेल्या भ्रूणाच्या जननग्रंथींतून पेशी घेतल्या होत्या, म्हणजे ते भ्रूण खर्ची पडले होते. हौबाराचे बंदिस्त प्रजनन आखाती देशांत मोठ्या प्रमाणावर होते, म्हणून त्यांना हा खर्च पेलला. जैसलमेरला तो आज पेलणार नाही.

आपल्या व्यवसायाशी जवळचे एक काम मात्र सांगण्यासारखे आहे. २०२२ मध्ये रॉस्लिनच्याच गटाने दाखवले की नऊ दिवसांच्या कोंबडीच्या भ्रूणातील जननग्रंथी पेशीसंवर्धनाशिवाय थेट गोठवता येतात आणि वितळवल्यावर त्यांतील जननपेशी यजमानात काम करतात. पेशी वाढवण्याची महागडी माध्यमे (पोषक द्रावणे) आणि महिनोन्महिने पेशी सांभाळणारे मनुष्यबळ यात लागत नाही. कुशल हात आणि द्रव नायट्रोजन एवढ्यावर भागते. कडकनाथ किंवा असीलसारख्या देशी वाणांसाठी हे आपल्याकडे आज करता येण्याजोगे आहे. माळढोकाची वाट धरण्याआधी हात बसण्यासाठीही कोंबडीवरचेच काम उपयोगी पडेल.

डाळिंबबाग

विषयाला थोडा फाटा फोडतो, त्याबद्दल क्षमस्व. आमच्या सांगोल्याकडे भगव्या डाळिंबाची ऊतिसंवर्धित रोपे लावली जातात. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रामुळे या गोष्टी आता शेतकऱ्याला परक्या राहिलेल्या नाहीत. झाडाच्या शेंड्याच्या एका कणापासून हजारो रोपे होतात आणि ती पुढे फुलतात, फळतात. मग पक्ष्याच्या कातडीच्या पेशीपासून पक्षी का होत नाही? त्यासाठी नेमकी जननपेशीच का शोधावी लागते?

पेशीवाचक

डाळिंबबाग यांचा प्रश्न मला फाटा वाटत नाही, किंबहुना या धाग्याच्या मुळाशी तोच आहे. मी मूळची सोलापूरची आणि सध्या हैदराबादला मूलपेशींवर संशोधन करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

वनस्पतीत शरीर आणि बीज यांची फारकत फार उशिरा होते. शेंड्यातील विभाजी पेशी आधी पाने आणि फांद्या देतात आणि ऋतू आला की त्यांच्याच वंशातून फुले, परागकण आणि बीजांडे होतात. झाडात जननासाठी पहिल्यापासून राखून ठेवलेली अशी वेगळी पेशीच नसते. बहुतेक प्राण्यांत ही वाटणी भ्रूणावस्थेतच होऊन जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑगस्ट वाइसमान यांनी शरीरपेशी आणि जननपेशी यांचे दोन वेगळे वंश मानले, ते यामुळेच. कातडीची पेशी आपल्या वाटेने इतकी पुढे गेलेली असते की तिला मागे आणायला विशेष उपाय करावे लागतात.

तसे मागे आणता येते हे शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी २००६ मध्ये उंदरात दाखवले. चार जनुके घालून त्यांनी साध्या शरीरपेशींना भ्रूणातील मूलपेशींच्या अवस्थेत नेले, आणि २०१२ चे नोबेल यामानाकांना जॉन गर्डन यांच्याबरोबर मिळाले. त्याच्या पुढचा टप्पा कात्सुहिको हायाशी आणि मितिनोरी साइतोउ यांचा आहे. त्यांनी उंदराच्या अशा मूलपेशींपासून जननपेशींसारख्या पेशी घडवल्या आणि त्यांपासून २०११ मध्ये शुक्राणू व २०१२ मध्ये अंडी मिळवून निरोगी पिल्ले जन्माला घातली. २०१६ मध्ये तर अंडे तयार होण्याचा संपूर्ण प्रवास काचपात्रातच घडवून दाखवला गेला. याच मालिकेत २०२२ मध्ये उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्याच्या कातडीपासून केलेल्या मूलपेशींमधून आदिम जननपेशींसारख्या पेशी तयार झाल्या. त्या गेंड्याचा शेवटचा नर मार्च २०१८ मध्ये केनियात मरण पावला आणि मागे दोनच माद्या उरल्या.

मग माळढोकाच्या एका पिसाच्या मुळाशी असलेल्या पेशी घेऊन हेच का करू नये? इथे उंदीर आणि पक्षी यांच्यातला एक मूलभूत फरक आडवा येतो. उंदराच्या भ्रूणात जननपेशी आधीपासून ठरलेल्या नसतात. गर्भधारणेनंतर सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास शेजारच्या ऊतींकडून बीएमपी या प्रथिनाचा संदेश येतो आणि तो ज्या थोड्या पेशींना पोचतो, त्या जननपेशी होतात. हा संदेश काचपात्रात देता येतो, म्हणून हायाशींना यश आले. कोंबडीत मात्र आई अंड्यातच काही विशेष द्रव्य ठेवते, त्यात व्हासा नावाचे प्रथिन असते, आणि विभाजन होताना ते ज्या पेशींच्या वाट्याला येते त्यांचा पुढचा मार्ग ठरतो, असे २००० साली जपानी संशोधकांनी दाखवले. बाहेरून संदेश देऊन घडवणे आणि आईने आतच ठेवलेला वारसा मिळणे या दोन वेगळ्या रीती आहेत. दुसऱ्या रीतीने चालणाऱ्या प्राण्यात शरीरपेशीपासून जननपेशी बनवणे अवघड का जाते, याचे एक कारण मला इथे दिसते. लावा पक्ष्याच्या शरीरपेशींपासून मूलपेशींसारख्या पेशी करण्याचे प्रयत्न दहा-बारा वर्षांपूर्वीच झाले आहेत, पण तिथून पुढे भरवशाने पिल्लू मिळवण्याची वाट उंदरासारखी मळलेली नाही.

दुसरी अडचण अधिक रोजची आहे. कोंबडीच्या जननपेशींसाठी बसवलेले माध्यम दुसऱ्या पक्ष्यांच्या पेशींना बहुधा मानवत नाही. कोंबडीच्या पेशी पात्राला न चिकटता तरंगत वाढतात आणि साधारण दिवसभरात दुप्पट होतात. त्याच माध्यमात इतर जातींच्या पेशी काही दिवस तग धरतात आणि मग संपतात. २०२५ मध्ये एका अमेरिकी कंपनीने पारव्याच्या जननपेशी वाढवल्याचे जाहीर केले, त्यांचा डोळा कबुतराच्याच कुळातल्या, नामशेष झालेल्या डोडोवर आहे. डोडोचे काय व्हायचे ते होवो, पण कबुतरकुळासाठी माध्यम बसू शकते ही त्यातली कामाची बातमी आहे. माळढोकासाठी हे काम शून्यापासून करावे लागेल आणि त्यासाठी पेशी लागतील, म्हणजे पुन्हा अंडी लागतील.

सातरस्ता

चर्चा उत्तम चालली आहे. माझा प्रश्न वंशशुद्धीचा आहे. कोंबडीच्या पोटी माळढोक असे वर्तमानपत्रात आले, तर लोक दोन गोष्टी विचारतील. एक, त्या पिल्लात कोंबडीचे काही उतरेल का? दोन, यजमान कोंबड्याच्या स्वतःच्या जननपेशी असतातच, मग त्याच्या वीर्यात कोंबडीचे शुक्राणूही येणार. त्यांची विभागणी कशी करणार?

कवडसा

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण अलीकडची सर्वांत देखणी प्रगती तिथेच आहे. हौबाराच्या प्रयोगात यजमान कोंबड्याचे वीर्य मिश्र होते. पण हौबारा मादीशी कोंबडीच्या शुक्राणूंचा मेळ सहसा जमत नसल्यामुळे अडचण मर्यादित राहिली. एकाच जातीच्या दोन वाणांत ही सोय नसते. म्हणून रॉस्लिनच्या गटाने यजमानालाच वंध्य करण्याची युक्ती काढली. आधी डीडीएक्स४ हे जनुक बंद केलेल्या कोंबड्या तयार केल्या, ज्यांच्या माद्यांत अंडी बनत नाहीत. नंतर २०२१ मध्ये त्याहून सोयीची पद्धत आली: यजमानाच्या जननपेशींत असे एक जनुक घालायचे की ठराविक औषध दिल्यावर केवळ त्याच पेशी मरतील. हे औषध दात्याच्या पेशींसोबतच भ्रूणात टोचतात. यजमानाच्या जननपेशी नाहीशा होतात आणि मोकळी झालेली जागा दात्याच्या पेशी घेतात. असा नर आणि अशीच मादी यांची जोडी लावली की पहिल्याच पिढीत शुद्ध दात्याच्या वाणाची पिल्ले निघतात. पिल्लांचे जनुकीय आईबाप कधी जन्मलेलेच नसतात, त्यांच्या गोठवलेल्या पेशी तेवढ्या होत्या.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नरासाठी सोपे आणि मादीसाठी गुंतागुंतीचे आहे. शुक्राणू दात्याच्या जननपेशीपासून झाला की त्यात यजमानाचे जनुक येत नाही. यजमान मादीच्या पोटात दात्याच्या पेशीपासून अंडे झाले, तर त्याचे केंद्रक आणि मायटोकाँड्रिया दोन्ही दात्याचे असतात. पण बलकातील प्रथिने यजमान मादीच्या यकृतात बनतात, पांढरा भाग आणि कवच तिच्या अंडनलिकेत चढते, आणि अंड्याचा आकार तिच्या शरीरावर ठरतो. माळढोकाचा नर पंधरा किलोपर्यंत जातो, मादी त्याहून बरीच लहान असली तरी तिचे अंडे कोंबडीच्या अंड्यापेक्षा पुष्कळ मोठे असते. कोंबडीच्या अंड्याएवढ्या शिदोरीवर माळढोकाचे भ्रूण पूर्ण वाढेल असे मला वाटत नाही. म्हणूनच दुबईत कोंबडे वापरून अंड्यासाठी खऱ्या हौबारा माद्या घेतल्या. आपल्यासाठीही यजमान नर हा पहिला टप्पा ठरेल, आणि यजमान मादी हवीच असेल तर टर्कीसारखा मोठा किंवा कुळाने जवळचा पक्षी शोधावा लागेल.

जाता जाता एक कुतूहलाची गोष्ट. पक्ष्याच्या शरीरातील पेशी आपले नर किंवा मादीपण बऱ्याच अंशी स्वतःच्या गुणसूत्रांवरून ठरवतात, केवळ संप्रेरकांवर अवलंबून राहत नाहीत. २०१० मध्ये अर्धे अंग नराचे आणि अर्धे मादीचे असलेल्या कोंबड्यांच्या अभ्यासातून हे स्पष्ट झाले. असे असताना नराच्या जननपेशी यजमान मादीत सोडल्या तर त्यांच्यापासून कामाची अंडी होतील अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण २०२१ च्या कामात तशी अंडी झाली आणि त्यांतून पिल्लेही निघाली.

नान्नजकर

आपण सर्वजण फार अभ्यासपूर्ण लिहीत आहात, पण माळाशेजारी राहणाऱ्याला जे दिसते ते इथे लिहिणे मला आवश्यक वाटते.

माळढोक पेशींच्या कमतरतेमुळे संपलेला नाही. उजनीचे पाणी जसजसे पसरले, तसतशी ज्वारी, करडई आणि हरभऱ्याची कोरडवाहू राने ऊस आणि फळबागांखाली गेली. माळढोकाला मोकळे, बुटक्या गवताचे रान लागते. उसाच्या फडात त्याला लांबवरचे दिसत नाही आणि झाडीच्या दाटीत तो उतरत नाही. माळ म्हणजे पडीक जमीन अशी सरकारी आणि लोकांची समजूत असल्यामुळे काही जागी गवताळ भूमीवर झाडे लावून तिचे कल्याण केल्याचे समाधान मानण्यात आले. उच्चदाबाच्या विजेच्या तारा ही आणखी एक आपत्ती आहे. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचे त्याला नीट दिसत नाही, आणि जड अंगामुळे ऐनवेळी वळता येत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान-गुजरातमध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला आणि २०२४ मध्ये तो सैल झाला. भटक्या कुत्र्यांबद्दल तर लिहायलाच नको. जमिनीवर उघड्यावर घातलेले एकुलते अंडे त्यांच्या तावडीतून वाचले तर नशीब.

अशा स्थितीत प्रयोगशाळेत पिल्ले झाली तरी ती सोडायची कुठे? आणि कोंबड्याच्या वीर्यातून झालेले, माणसाच्या हातून भरवलेले पिल्लू मोठे झाल्यावर गळ्याची पिशवी फुगवून माळावर उभे राहणे कोणाकडून शिकणार? पैसा एकाच खिशातून जायचा असेल, तर तो आधी माळासाठी खर्च व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेशीवाचक

नान्नजकरदादा, माळाबद्दल आपण लिहिलेल्या एकाही वाक्याला माझा विरोध नाही. मला फक्त खर्चाच्या तुलनेबद्दल लिहायचे आहे. माळ राखणे, तारा हलवणे, कुत्र्यांचा बंदोबस्त करणे या गोष्टींसाठी जो निधी लागतो, त्याच्या शेजारी काही पक्ष्यांच्या पेशी गोठवण्याचा खर्च किरकोळ आहे. त्यामुळे एक केले तर दुसऱ्याला मिळणार नाही, अशी वेळ मला दिसत नाही. यजमान पक्षी, वंध्यीकरण, भ्रूणात पेशी टोचणे हा महागडा भाग आहे, आणि तो पुढच्या पिढीने करायचा की नाही ते पुढच्या पिढीला ठरवू द्यावे. पेशी मात्र आजच्या पक्ष्यांच्याच हव्यात. माळढोकात जनुकीय वैविध्य आधीच कमी आहे, आणि प्रत्येक मरणाऱ्या पक्ष्याबरोबर त्यातले आणखी थोडे जाते. माळ वीस वर्षांनी पुन्हा राखता येईल. गेलेले जनुक तसे परत येणार नाही.

क्रम लावायचा झाला, तर बंदिस्त पक्ष्यांच्या नियमित तपासणीच्या वेळी निघणाऱ्या कोवळ्या पिसांच्या मुळांपासून शरीरपेशी वाढवून गोठवाव्यात, हे सर्वांत आधी आणि सर्वांत सोपे. त्यात एकही अंडे खर्ची पडत नाही आणि नर-मादी दोघांचा वारसा, डब्ल्यू गुणसूत्रासह, टिकतो. शरीरपेशीपासून जननपेशी करण्याची विद्या पक्ष्यांत साधली, तर या पेशी कामाला येतील. त्यासोबत हौबारा किंवा तणमोर यांच्यासारख्या कुळबंधूंच्या अंड्यांवर, आणि त्यातही जिथे संख्या परवडते तिथेच, माध्यम बसवण्याचे काम व्हावे. तणमोर स्वतःच धोक्यात आहे, तेव्हा प्रत्यक्षात ते हौबारावरच होईल, म्हणजे आखाती केंद्रांच्या सहकार्यानेच होईल. जैसलमेरच्या प्रजनन केंद्रासाठी अबू धाबीच्या हौबारा निधीचे साहाय्य आहेच. माळढोकाच्या अंड्याला हात लावण्याचा प्रश्न त्यानंतरचा. वन्यप्राण्यांच्या जननपेशी आणि ऊती साठवण्याचे काम हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राची लॅकोन्स ही प्रयोगशाळा करत आलेली आहे, तेव्हा देशात याची सुरुवात शून्यातून होणार नाही.

पिल्लाच्या वर्तनाबद्दलची आपली शंका मात्र मी मान खाली घालून मान्य करते. त्यावर पेशीविज्ञानाकडे काही उत्तर नाही. बंदिस्त जन्मलेले हौबारा मोठ्या संख्येने रानात सोडले जातात, त्यांचा अनुभव या बाबतीत तपासायला हवा.

उबवणीवाला

ताई, देशी वाणांच्या जननग्रंथी गोठवण्याबद्दल कवडसा सरांनी लिहिले आहे, त्यासाठी अंडी देण्याची माझी तयारी आहे. नऊ दिवसांच्या उबवलेल्या अंड्यांतून वांझ आणि मेलेली अंडी आम्ही कवडशात बघून आधीच काढतो. जिवंत भ्रूणाची अंडी हवी असतील तर ती वेगळी ठेवता येतील. विद्यापीठातील किंवा महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सराव हवा असल्यास कळवावे. असीलचा जातिवंत वाण जिल्ह्यात अजून आहे, पण तोही फार दिवस राहील असे दिसत नाही.

कवडसा

हा प्रस्ताव मनापासून आवडला. कोंबडीच्या भ्रूणावर हात बसवण्याची परंपरा आपल्या राज्यात जुनी आहे; एडिंबरोला विकासजीवशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे काम करून आलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठात कोंबडीच्या भ्रूणावरच विकासजीवशास्त्राची शाखा उभी केली. एकच सूचना करतो: नऊ दिवसांच्या जिवंत भ्रूणावर काम करायचे तर संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीला विचारूनच करावे. इथल्या महाविद्यालयांत शिकवणारे सदस्य हा धागा वाचत असतील, तर त्यांनी उबवणीवाले यांच्याशी खासगी संदेशातून संपर्क साधावा.

नान्नजकर

शेवटचे विचारतो. समजा आमच्या बाजूला कोणा गुराख्याला माळढोकाचे सोडून दिलेले अंडे किंवा ताजे पीस सापडले, तर ते गोठवण्यासाठी उपयोगी पडेल का, आणि त्याने ते कसे ठेवावे?

पेशीवाचक

दादा, कृपया त्याला काहीही उचलू देऊ नका. माळढोक वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे; त्याचे अंडे किंवा पीस जवळ बाळगणे हा चांगल्या हेतूनेही गुन्हाच ठरतो. शिवाय सोडून दिलेले वाटणारे अंडे पुष्कळदा सोडलेले नसते. मादी चरायला गेलेली असते आणि माणूस जवळ उभा राहिला तर परतत नाही. गुराख्याने जागेची खूण लक्षात ठेवून, लांबूनच निघून जाऊन, नान्नजच्या वनकर्मचाऱ्यांना लगेच कळवावे. उन्हात पडून राहिलेल्या गळक्या पिसात जिवंत पेशी राहत नाहीत, त्यातून फार तर डीएनए मिळतो. अंडे खरोखर सोडलेले असेल आणि भ्रूण जिवंत असेल, तर ते गोठवण्याआधी उबवण्याचा प्रयत्न करायचा असतो, आणि तो निर्णय वनविभागाच्या पशुवैद्यांनी घ्यायचा असतो. उचलण्याची वेळ आलीच, तर ते कोणत्या बाजूने पडले होते याची खूण करून, न हलवता नेतात. तेही त्यांच्याच माणसांनी.